आमचे तास मोजा : विद्यापीठांच्या विद्या परिषदांना खुले पत्र

प्रति,
विद्या परिषदांचे सन्माननीय सदस्य, विभागप्रमुख आणि प्रबंधांचे मार्गदर्शक यांस,

सविनय नमस्कार.

स्वतः पदवीसाठी शिकत असतानाच खालच्या वर्गांना शिकवणारे जे विद्यार्थी विद्यापीठांमध्ये असतात, त्यांच्यापैकी मी एक आहे. संख्याशास्त्रातील माझा प्रबंध लिहीत असताना सलग सहा सत्रे मी अध्यापन-साहाय्यक, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातली ‘टीए’, म्हणून काम केले. ते काम मला मनापासून आवडले आणि त्यानेच मला माझ्या विषयाच्या अधिक जवळ नेले, हे सुरुवातीलाच सांगते. कारण पुढे जे लिहिणार आहे ते कामाला कंटाळलेल्या माणसाचे गाऱ्हाणे म्हणून वाचले जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, आमच्याकडून अध्यापनासाठी जो वेळ घेतला जातो तो खरेपणाने मोजला जावा, आणि जितका घेतला गेला तितका पदवीच्या मुदतीत आम्हाला परत मिळावा.

माझ्या नेमणुकीच्या पत्रात कामाचे वर्णन दीड ओळीत आटोपले होते. आठवड्याला १० तास, आणि संबंधित प्राध्यापक सांगतील ते अध्यापनविषयक साहाय्य, एवढेच त्यात लिहिलेले होते. पहिल्या सत्रात माझ्याकडे प्रत्येकी ३० विद्यार्थ्यांच्या चार तुकड्या आल्या. प्रत्येक तुकडीचे आठवड्यातून एक तासाचे ट्युटोरियल, म्हणजे चार तास. विद्यार्थ्यांनी शंका घेऊन यावे यासाठी ठरवून दिलेले आणखी दोन तास. असे सहा तास झाले. उरलेल्या चार तासांत १२० जणांच्या त्या त्या आठवड्याच्या असाइनमेंट तपासायच्या होत्या. चार तासांची मिनिटे २४० होतात, म्हणजे एका उत्तरपत्रिकेच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. ट्युटोरियलची तयारी, प्राध्यापकांबरोबरची साप्ताहिक बैठक, गुणांची नोंद, रात्री येणाऱ्या ईमेलना उत्तरे, आजारपणामुळे मागे पडलेल्या विद्यार्थ्यासाठी वेगळा काढलेला अर्धा तास, यांतल्या कशासाठीही त्या हिशेबात एक मिनिट शिल्लक राहत नाही.

दोन मिनिटांत काय तपासता येते, हे ज्यांनी आयुष्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसले आहेत त्यांना मी सांगायला नको. दोन मिनिटांत शेवटचे उत्तर पाहता येते, ते बरोबर की चूक ते ठरवता येते आणि पुढची उत्तरपत्रिका उचलता येते. पण विद्यार्थी विचार कसा करतो ते शेवटच्या उत्तरात दिसत नाही, ते मधल्या ओळींत असते. पहिल्याच सत्रातली एक उत्तरपत्रिका मला अजून डोळ्यांसमोर दिसते. प्रश्न नेहमीचाच होता: एखादा आजार १ टक्का लोकांना असतो, आजार असेल तर चाचणी ९५ टक्के वेळा तो बरोबर दाखवते आणि आजार नसतानाही ५ टक्के वेळा तो आहे असे दाखवते, तर चाचणीत आजार दिसलेल्या माणसाला तो खरोखर असण्याची शक्यता किती? उत्तर सुमारे १६ टक्के येते. त्या विद्यार्थिनीने ९५ टक्के लिहिले होते. दोन मिनिटांच्या हिशेबाने तिला शून्य गुण मिळायला हवे होते. मात्र मी वरपासून वाचत आले, तेव्हा लक्षात आले की पहिल्या तीन ओळी अगदी नेटक्या होत्या, चिन्हे बरोबर होती, माहिती बरोबर मांडली होती, आणि चौथ्या ओळीत तिने फक्त दिशा उलटी धरली होती. आजार असताना चाचणीत दिसण्याची शक्यता आणि चाचणीत दिसले असताना आजार असण्याची शक्यता, या दोन गोष्टी तिने एकच मानल्या होत्या. मी समासात लिहिले, ‘यातले काय घडून गेले आहे आणि काय आपल्याला शोधायचे आहे?’ पुढच्या आठवड्यात ती तोच कागद घेऊन आली. माझ्या प्रश्नाखाली तिने पेन्सिलीने एक हजार माणसांचा तक्ता काढला होता, त्यातल्या दहा आजारी माणसांभोवती गोल केला होता, आणि ‘आता कळलं, भागायचं कशाने ते चुकलं होतं’ असे म्हणत तो कागद माझ्यासमोर सरकवला होता.

त्या एका उत्तरपत्रिकेला सहा मिनिटे लागली होती. सगळ्यांनाच सहा मिनिटे दिली तर १२० उत्तरपत्रिकांना ७२० मिनिटे, म्हणजे १२ तास लागतात. त्यात वर्गाचे आणि शंकानिरसनाचे सहा तास मिळवले, तयारीसाठी आणि बैठकीसाठी दोनच तास धरले, तरी कागदावरच्या १० तासांचे प्रत्यक्षात २० तास होतात. दुसऱ्या सत्रापासून मी एका वहीत रोजचे तास लिहून ठेवू लागले. कोणाला दाखवण्यासाठी नव्हे. दिवस नेमका कुठे जातो ते मलाच कळेनासे झाले होते म्हणून. वहीतला आकडा काही आठवड्यांत १६ तर परीक्षेच्या काळात ३० असा खालीवर होत राहिला, पण सरासरी विसाच्या आसपासच राहिली. आठवड्याला १० तास जास्तीचे, १५ आठवड्यांचे सत्र, अशी सहा सत्रे, म्हणजे साधारण ९०० तास होतात. पूर्णवेळ कामाच्या ४० तासांच्या आठवड्यात मांडले तर हे साडेबावीस आठवडे, म्हणजे पाच महिन्यांहून अधिक काळ होतो. माझा प्रबंध ठरलेल्या मुदतीपेक्षा पाच महिने उशिरा सादर झाला. प्रगती अहवालात त्या उशिराचे कारण म्हणून ‘विद्यार्थिनीचे वेळेचे नियोजन समाधानकारक नाही’ असा शेरा आहे.

हे ९०० तास माझ्याकडून कोणी दरडावून घेतले नाहीत, ही गोष्टही तितकीच खरी आहे. ते मी दिले. समोर बसलेल्या विद्यार्थ्याचा चेहरा ओळखीचा झाल्यावर त्याच्या कागदावर दोन मिनिटांत फुली मारून मोकळे होणे मला जमले नाही, आणि माझ्याबरोबरच्या बहुतेक साहाय्यकांनाही ते जमत नव्हते. आपल्या विभागांचे वेळापत्रक नेमके या मनाच्या टोचणीवर उभे आहे, याकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. जो साहाय्यक मन लावून शिकवतो त्याचा प्रबंध मागे पडतो, आणि जो करारातल्या तासांपुरतेच काम करतो त्याचे विद्यार्थी मागे पडतात. यांपैकी कोणाचे नुकसान करायचे ते ठरवण्याची वेळ पंचविशीतल्या विद्यार्थ्यावर दर आठवड्याला आणणे योग्य नाही.

आता, शिकवणे हे शिकणाऱ्याच्या वाटेतला अडथळाच आहे, असा याचा अर्थ कृपया काढू नये. तिसऱ्या सत्रात एका ट्युटोरियलमध्ये मी फळ्यावर दोन शक्यतांचा गुणाकार करून पुढे जात होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, ‘इथे गुणाकार चालतो हे आपण कशावरून म्हणतो?’ दोन घटना एकमेकींवर अवलंबून नसतील तरच तसा गुणाकार करता येतो, हे उत्तर मी दिले, उदाहरणात तसे का मानले आहे तेही सांगितले, तास संपला. संध्याकाळी माझ्या प्रबंधाचे दुसरे प्रकरण उघडले आणि तिथे पानाच्या मध्यावर मीही तसाच गुणाकार केलेला मला दिसला. त्या दोन राशी एकमेकींवर अवलंबून नाहीत हे मी कुठेही सिद्ध केलेले नव्हते, आणि बारकाईने पाहिल्यावर लक्षात आले की त्या अवलंबून होत्या. मार्गदर्शकांच्या आणि माझ्या नजरेतून वर्षभर सुटलेली ती चूक पहिल्या वर्षाच्या एका मुलाच्या प्रश्नाने उघडी पडली. ते प्रकरण दुरुस्त करायला मला सात आठवडे लागले. परीक्षकांनी पुढे त्याच प्रकरणाचे सर्वांत जास्त कौतुक केले.

हा केवळ माझा अनुभव नाही. डेव्हिड फेल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांतील जे पदव्युत्तर विद्यार्थी संशोधनाबरोबर शिकवतही होते, त्यांच्या लेखी संशोधन-प्रस्तावांची तुलना फक्त संशोधन करणाऱ्यांच्या प्रस्तावांशी त्यांनी केली होती. तपासून पाहता येतील अशी गृहीतके मांडणे आणि त्यांच्यासाठी योग्य प्रयोग आखणे, या दोन्ही कौशल्यांत शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांची प्रगती अधिक दिसून आली. दुसऱ्याला समजावून सांगताना प्रश्नाची मांडणी आपल्याला स्वतःसाठीही नव्याने करावी लागते, त्यामुळे मला या निष्कर्षाचे नवल वाटत नाही. म्हणूनच आम्हाला अध्यापनातून मुक्त करा, असे मी म्हणत नाही. पण अध्यापनाचा हा लाभ पदरात पडायचा तर वर्गातला प्रश्न संध्याकाळी आपल्या टेबलापर्यंत नेण्याइतका वेळ हाताशी लागतो. त्या दिवशी तपासणीचा गठ्ठा माझ्यासमोर असता तर ते प्रकरण मी उघडलेच नसते.

गठ्ठा कधी येतो, हाही किती येतो याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. विद्यापीठाचे वेळापत्रक एकच असते. खालच्या वर्गाची परीक्षा, वरच्या वर्गाची परीक्षा, प्रगतीचा सेमिनार, अहवालाची मुदत हे सगळे सत्राच्या त्याच शेवटच्या तीन आठवड्यांत येऊन आदळते. चौथ्या सत्रात माझा वार्षिक सेमिनार सोमवारी सकाळी ठरला होता आणि आदल्या शुक्रवारी संध्याकाळी १२० अंतिम उत्तरपत्रिका माझ्या हातात पडल्या. गुण ७२ तासांत भरायचे होते. सेमिनारची तारीख पुढे ढकलता येईल का, असे मी कार्यालयात विचारले, तेव्हा ती विद्यार्थ्यांसाठीची बाब असल्याचे सांगितले गेले. गुण भरण्याची मुदत वाढवून मागितली, तेव्हा ती कर्मचाऱ्यांसाठीची बाब आहे आणि मी कर्मचारी नाही, असे उत्तर मिळाले. दोन्ही उत्तरे देणारी माणसे भली होती आणि आपापल्या नियमाप्रमाणेच बोलत होती. मी त्या दोन रात्री जागून काढल्या, गुण वेळेत भरले आणि सेमिनारमध्ये माझ्याच सारणीतल्या आकड्यांवर विचारलेल्या साध्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

अध्यापन-साहाय्यक हा विद्यार्थी की कर्मचारी, हा प्रश्न माझ्या विभागाच्या कार्यालयापुरता नाही. त्याच्यावर देशोदेशी वाद झाले आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील साहाय्यकांनी १९६६ साली आपली संघटना स्थापन केली आणि १९७० च्या संपानंतर विद्यापीठाशी पहिला करार केला. तिथल्या खासगी विद्यापीठांच्या बाबतीत राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने २००० साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रकरणात साहाय्यकांना कर्मचारी मानले, २००४ साली ब्राऊन विद्यापीठाच्या प्रकरणात तो निर्णय फिरवून त्यांना प्रामुख्याने विद्यार्थी ठरवले, आणि २०१६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात पुन्हा कर्मचारी म्हटले. सोळा वर्षांत तीन निर्णय झाले. काम मात्र या सगळ्या काळात तेच होते, तोच फळा, त्याच उत्तरपत्रिका. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व संकुलांतील सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचारी, त्यांत हजारो अध्यापन-साहाय्यक, संपावर गेले आणि तो संप जवळपास सहा आठवडे चालला. सत्राच्या अखेरीस तपासणीविना उत्तरपत्रिका पडून राहिल्या, तेव्हा पदवीपूर्व शिक्षणाचा किती मोठा भार या लोकांच्या खांद्यावर आहे ते सर्वांना दिसले. तो भार त्याआधीही तेवढाच होता.

या वादात आपण कोणती एक बाजू घ्यावी, असे माझे म्हणणे नाही, कारण माझ्या मते साहाय्यक दोन्ही असतो आणि दोन्ही असणे यात काही गैर नाही. त्रास तेव्हा सुरू होतो, जेव्हा सुट्टी आणि मोबदला यांचा विषय निघाला की त्याला विद्यार्थी म्हटले जाते, आणि प्रबंधाची मुदत निघाली की त्याच्या कामाची आठवण कोणालाच राहत नाही.

जे आपला देश सोडून शिकायला गेलेले असतात त्यांची अडचण आणखी वेगळी असते आणि ती फारशी बोलली जात नाही. अमेरिकेत विद्यार्थी-व्हिसावर असलेल्याला सत्र चालू असताना संकुलात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करण्याची परवानगी नसते, आणि साहाय्यकाची नेमणूक बरेचदा त्याच २० तासांची असते. काम २६ तासांचे झाले तर त्याच देशातला विद्यार्थी निदान तक्रार करू शकतो. बाहेरून आलेल्याने २६ हा आकडा कागदावर लिहिणे म्हणजे आपणच नियम मोडल्याची कबुली देणे. त्यामुळे तो २० लिहितो, आणि विभागाच्या दप्तरी सगळे काही व्यवस्थित दिसते. जो नियम विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे रक्षण करण्यासाठी आहे, त्याच्याच आडोशाला त्याचे जास्तीचे तास नाहीसे होतात. तासांची नोंद विद्यार्थ्याने स्वतः भरायची न ठेवता विभागाने कामाच्या आकारावरून आधीच काढावी, या माझ्या आग्रहाचे हे एक मोठे कारण आहे.

वेळ परत देता येतो याची उदाहरणे आहेत. नॉर्वेमध्ये डॉक्टरेटचे शिक्षण तीन वर्षांचे धरतात. ज्या संशोधकाकडे अध्यापनासारखे विभागीय काम सोपवायचे असेल, त्याची नेमणूक सहसा चार वर्षांची करतात आणि त्यातला एक चतुर्थांश वेळ त्या कामासाठी ठेवतात, म्हणजे संशोधनाची तीन वर्षे शाबूत राहतात. स्वीडनमध्ये डॉक्टरेट चार वर्षांची असते. संशोधक विद्यार्थ्याच्या एकूण वेळेपैकी जास्तीत जास्त २० टक्के वेळ अध्यापनाला आणि इतर विभागीय कामाला देता येतो, आणि तितक्या प्रमाणात त्याची मुदत वाढते. या व्यवस्थांतही तक्रारी असतीलच. तिथल्या साहाय्यकाचाही तपासणीचा गठ्ठा ठरल्यापेक्षा मोठा निघत असेल. पण घेतलेला वेळ कर्जासारखा आहे, तो फेडायचा असतो, हे तत्त्व तिथे नियमातच लिहिलेले आहे.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीने ट्युटोरियल, प्रयोगशाळेचे काम आणि मूल्यमापन यांसाठी संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला ४ ते ६ तासांचे साहाय्य सोपवता येईल, असे म्हटले आहे. संशोधकाला अध्यापनाचे प्रशिक्षण मिळावे, हेही त्याच नियमावलीत आहे. मर्यादा घातली गेली ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु सहा तास ही मर्यादा किती उत्तरपत्रिकांना पुरते, हे ज्या विभागात कोणी मोजत नाही, तिथे ती मर्यादा माझ्या नेमणूक-पत्रातल्या १० तासांसारखीच राहील, अशी मला भीती वाटते.

आपल्यापैकी अनेकांनी स्वतः याच वाटेने प्रबंध पूर्ण केला असेल, आणि ‘आम्हीही हे सगळे केले, आमचे काही बिघडले नाही’ असे आपल्याला मनातून वाटत असेल. आपण निभावून नेले याबद्दल मला आदर आहे. पण जे निभावू शकले तेच आज विद्या परिषदेत बसलेले आहेत. ज्यांचा प्रबंध तिसऱ्या वर्षी थांबला आणि ज्यांनी नाव मागे घेतले, ते या सभेत बोलायला येऊ शकत नाहीत. माझ्याबरोबर काम सुरू केलेल्या सहा जणांपैकी दोघे पदवी न घेताच गेले. त्यातल्या एकाचे ट्युटोरियल ऐकायला दुसऱ्या तुकड्यांतली मुले येऊन मागे उभी राहत असत. दुसरी अडचण पैशाची आणि मनुष्यबळाची, ती मला कळते. वर्ग वाढतात, प्राध्यापकांच्या जागा भरल्या जात नाहीत, आणि विभागप्रमुखांना असलेल्या माणसांतच सगळे भागवावे लागते. परंतु तास मोजायला पैसे लागत नाहीत. मोजल्यानंतर तेवढी माणसे नाहीत असे दिसले, तर असाइनमेंट दर आठवड्याऐवजी दोन आठवड्यांनी ठेवता येते, पाच प्रश्नांपैकी दोनच बारकाईने तपासायचे ठरवता येते, तुकड्या मोठ्या करून त्यांची संख्या कमी करता येते. न मोजता यातला कोणताच निर्णय घेता येत नाही; सगळी तूट गुपचूप साहाय्यकाच्या रात्रीतून भरून काढली जाते.

प्रशिक्षणाविषयी थोडेच लिहिते. पहिल्या दिवशी माझ्या हाती वर्गाची यादी आणि आदर्श उत्तरांचा कागद देण्यात आला होता, बाकी काही नाही. दोन उत्तरपत्रिका शब्दशः सारख्या निघाल्या तर मी काय करायचे, वर्गात कोणी रडू लागले तर कोणाला कळवायचे, माझ्याच ओळखीचे कोणी तुकडीत असेल तर त्याचे पेपर कोणी तपासायचे, हे मला प्रसंग आल्यावर कळले, आणि दोनदा चुकीचे कळले. याच्या उलट, पाचव्या सत्रात ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली मी काम केले त्यांनी तपासणी सुरू होण्यापूर्वी आम्हा सहा साहाय्यकांना एका टेबलाभोवती बसवले आणि एकाच उत्तरपत्रिकेच्या सहा प्रती दिल्या. दहापैकी कोणी तीन गुण दिले होते, कोणी आठ. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी प्रत्येकाला आपला विचार सांगायला लावला, आणि दोन तासांनी आम्ही सगळे सहा-सात गुणांच्या आसपास येऊन ठेपलो. ते दोन तास त्यांनी आमच्या कामाच्या तासांत धरले होते. पुनर्मूल्यांकनाचे अर्ज त्या सत्रात अगदी मोजके आले.

आणखी एक गोष्ट लिहिताना मला संकोच वाटतो, पण ती टाळता येत नाही. ज्यांच्या विषयाचा साहाय्यक असतो तेच प्राध्यापक बरेचदा त्याच्या प्रबंधाचे मार्गदर्शकही असतात. तास जास्त होत आहेत हे त्यांनाच सांगायचे, आणि शिफारसपत्रही पुढे त्यांच्याकडूनच घ्यायचे, अशा स्थितीत कोणताही विद्यार्थी तोंड उघडत नाही. माझ्या मार्गदर्शकांशी माझे संबंध चांगले होते आणि आहेत, तरीही मी तासांच्या नोंदींची ती वही त्यांना एकदाही दाखवली नाही. विभागात निदान एक व्यक्ती अशी असावी, जी साहाय्यकाचे काम पाहील पण त्याचा प्रबंध पाहणार नाही.

पुढच्या सत्राच्या नेमणुकीची पत्रे तयार होतील, तेव्हा ‘आठवड्याला इतके तास’ या ओळीच्या खाली तुकड्या किती, विद्यार्थी किती, सत्रभरात तपासायच्या उत्तरपत्रिका किती, एका उत्तरपत्रिकेला किती मिनिटे धरली आहेत आणि तयारीला किती, एवढे लिहावे. त्यांची बेरीज वरच्या आकड्याशी जुळते का, ते पत्रावर सही करणाऱ्याने पाहावे. सत्र संपल्यावर प्रत्यक्ष तास त्याहून जास्त झाले असतील, तर ते प्रगती अहवालात विभागाच्या सहीने नोंदवले जावेत आणि तितके आठवडे प्रबंधाच्या मुदतीत, विद्यावेतनासह, वाढवून मिळावेत. त्यासाठी विद्यार्थ्याला वेगळा अर्ज करून कारणे सांगत बसावे लागू नये. अंतिम परीक्षेची तपासणी आणि साहाय्यकाचा स्वतःचा सेमिनार एकाच आठवड्यात येणार नाही, एवढे वेळापत्रक आखतानाच पाहिले जावे.

कोणत्याही विद्या परिषदेला हा प्रस्ताव सभेपुढे ठेवायचा असेल, तर पाच सत्रांच्या नोंदी असलेली माझी वही मी द्यायला तयार आहे. विद्यार्थ्यांची नावे मी त्यातून खोडली आहेत. तारखा, तास आणि कोणत्या कामाला किती वेळ गेला, हे सगळे त्यात आहे.

कळावे,

आपली नम्र,
एक अध्यापन-साहाय्यक